उत्तराचा बार

ठासणीची बंदूक वापरली की धुवावी लागते. काळ्या दारूची राख नळीत राहिली तर एका रात्रीत गंज धरते. म्हणून दर रविवारी संध्याकाळी मी पातेलंभर पाणी उकळतो, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकतो आणि मागच्या अंगणात स्टुलावर बसून नळी धुतो. पहिलं पाणी शाईसारखं काळं निघतं, नासक्या अंड्यांचा वास सुटतो. तिसरं पाणी स्वच्छ निघालं की कोरडं फडकं, मग तेल. पाऊण तास मोडतो. बायको होती तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत म्हणायची, "हार्लन, आपल्या लोरीनलासुद्धा तू इतक्या निगुतीनं कधी न्हाऊ घातलं नाहीस."

मी हार्लन टीटर. वय एकाहत्तर. एकतीस वर्षं राज्याच्या रस्ते खात्यात पुलांची तपासणी केली. हे काम निम्मं डोळ्यांचं आणि निम्मं कानांचं. हातोडीनं ठोकत जायचं आणि ऐकायचं. चांगलं काँक्रीट टणक वाजतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते सगळं ऐकण्यावर आणि मोजण्यावर आहे, आणि या दोन्ही गोष्टी मला येतात.

माझं घर वेस्ट व्हर्जिनियातल्या एका अरुंद खोऱ्यात आहे. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे पश्चिमेचा डोंगर. मागे अंगण, कुरण, मग नदी आणि नदीपलीकडे पूर्वेचा डोंगर. त्या पूर्वेच्या उतारावर डेन्झिल हेड्रिक राहायचा. माझ्या अंगणातून त्याचं छप्पर नखाएवढं दिसे.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून दोन बंदुका घेतल्या. इटलीत बनलेल्या, पण १८६१ सालच्या फौजी बंदुकीची हुबेहूब नक्कल. नळीच्या आत आटे, त्यामुळे गोळी फिरत जाते आणि शंभर यार्डांवरही नेम धरता येतो. तोंडातून दारू ओतायची, वर शिशाची गोळी, गजानं ठासायची, मागच्या बोंडीवर तांब्याची टोपी चढवायची, घोडा मागे ओढून चाप दाबायचा. त्या साली पेटलेल्या अमेरिकन यादवी युद्धात माझे पणजोबा एका बाजूला होते आणि डेन्झिलचे दुसऱ्या. आमच्या खोऱ्यात त्याचं कोणाला नवल नाही. जत्रेत लोक विचारायचे, बंदूक खरी आहे का? डेन्झिल सांगायचा, "बंदूक नक्कल. खांद्यावर बसतो तो दणका अस्सल."

आमचा बारा जणांचा क्लब होता. वसंतात आणि पानगळीत सामने व्हायचे. पाच जणांचा एक संघ, पन्नास यार्डांवर टांगलेल्या मातीच्या बशा, आणि ज्यांच्या बशा आधी फुटतील ते जिंकले. मी संघाचा कप्तान होतो. डेन्झिल कायम माझ्या डावीकडे.

सामने नसलेल्या रविवारी आम्ही आपापल्या घरी सराव करायचो. चार वाजले की मी शेवटचा बार टाकायचो. नुसती दारू, गोळी नाही. मग पलीकडच्या उतारावर पांढऱ्या धुराचा गोळा उठायचा, आणि साडेसहा सेकंदांनी त्याचा आवाज माझ्यापर्यंत यायचा. आवाजाला एक मैल कापायला पाच सेकंद लागतात. आमच्यात सव्वा मैलाहून थोडं जास्त अंतर होतं. एवढंच. तो ठीक आहे, मी ठीक आहे. फोनवर बोलायला आम्हा दोघांनाही कधी काही सुचायचं नाही.

गेल्या मेच्या सामन्यात डेन्झिलनं शेजारच्या संघाची बशी फोडली. एकदा नाही, दोनदा. आम्ही हरलो. तो हसत माझ्याकडे आला. "वाऱ्यानं नेली."

"वारा नव्हता," मी म्हणालो. "तुला निशाण दिसत नाही."

"दिसतं रे. मधोमध जरा ढग आहे. कडेकडेनं सगळं नीट दिसतं."

"तू अंदाजानं मारतोस. संघातून तुझं नाव काढतोय."

आजूबाजूला वीसेक माणसं उभी होती. पूल बंद करताना मी जशी पाटी लावायचो, तसंच हे बोललो. पुलाला त्याचं काही वाटत नाही. डेन्झिलनं बंदुकीला फडकं गुंडाळलं. "बरं, कप्तान," म्हणाला आणि गाडीकडे गेला.

तीन महिने आमचं बोलणं बंद होतं. रविवारचे बारही बंद. मी आशेवर होतो की तो येईल. तोही असाच असणार.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी चार वाजता त्यानं आपणहून बार टाकला. मी मागच्या पायरीवर कॉफी घेऊन बसलो होतो. धूर दिसला, मी सवयीनं मोजलं, साडेसहा सेकंदांनी आवाज आला. माझी बंदूक दाराला टेकवलेली होती, दारू भरलेली. फक्त टोपी चढवायची होती. दहा मिनिटांनी त्यानं दुसरा टाकला. मग बराच वेळ काही नाही. मग तिसरा. मी कॉफी संपवली आणि कप धुतला.

बुधवारी सकाळी डेन्झिल गोठ्यात पडला. हृदय. डॉक्टर म्हणाले, जमिनीला टेकायच्या आत गेला असेल.

दफन झाल्यावर त्याची बायको विल्डा फडक्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन माझ्या दारात आली. ती घर बंद करून एल्किन्सला बहिणीकडे चालली होती.

"ही तुझ्याकडे राहू दे. बहिणीच्या घरात हिचं काय करू?"

मी तिला आत बसवलं. तिनं हॅट काढली नाही.

"विल्डा, त्या रविवारी—"

"रविवारी तो अंधार पडेपर्यंत कुंपणापाशी उभा होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, येतोस का आत, का तिथेच ताट आणून देऊ? आत आला, हात धुतले आणि म्हणाला, बिचाऱ्या हार्लनला हल्ली कमी ऐकू येतं वाटतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला ते खरंच वाटलं होतं.

"येतं का रे कमी?" तिनं विचारलं.

"थोडंसं," मी म्हणालो.

डेन्झिलची बंदूक मी माझ्या कपाटात उभी केली आणि कुलूप लावलं. दोन्ही बंदुकांच्या नळ्यांवर एकापुढचे एक क्रमांक आहेत.

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी मी पुन्हा सरावाला सुरुवात केली. घरात बसवत नव्हतं. वीस गोळ्या मारल्या. चार वाजता हात आपोआप कोऱ्या दारूकडे गेला, आणि मी बार टाकला. धूर विरायची वाट बघत उभा राहिलो. वाट कसली, सवय.

पूर्वेच्या उतारावर, डेन्झिलच्या कुंपणापाशी, पांढरा गोळा उठला.

मी मोजलं. साडेसहा.

आवाज शिकारीच्या बंदुकीचा नव्हता. तिचा तडाका कोरडा असतो, कानावर चापट मारल्यासारखा. काळ्या दारूचा बार जड, घुमणारा, पोटात उतरणारा असतो. हा तसा होता. प्रतिध्वनीही नव्हता, प्रतिध्वनीला धूर नसतो.

मी गाडी काढून पुलावरून वळसा घालून गेलो. घराला कुलूप, खिडक्यांना फळ्या. कुंपणापाशी गवत गुडघाभर वाढलेलं आणि कुठेही मोडलेलं नाही. नासक्या अंड्यांचा वास मात्र होता, हवा दमट असली की खाली रेंगाळतो तसा. क्लबच्या सगळ्यांना फोन केले. दोघे चर्चच्या जेवणाला गेले होते, एक दवाखान्यात, बाकीचे घरी. घरी येऊन कपाट उघडलं. डेन्झिलच्या नळीत गजाला गुंडाळून पांढरं फडकं घातलं. पांढरंच बाहेर आलं.

पुढच्या रविवारी चार वाजता मी पुन्हा बार टाकला. या वेळी हातात घड्याळ होतं, पुलावर वापरायचो ते. धूर कुंपणापाशी उठला नाही. त्याच्या बराच खाली, कुरणाच्या फाटकाजवळ उठला. साडेपाच सेकंद.

ऑक्टोबरचा पहिला रविवार. धूर जुन्या सफरचंदाच्या बागेत. चार सेकंद.

मी कागदावर नकाशा काढला आणि तीन ठिपके मांडले. रेघ ओढायला पट्टी लागली नाही इतके ते एका ओळीत होते. रेघ पुढे वाढवली तर ती नदी ओलांडून माझ्या अंगणात येत होती.

आठवडाभर मी तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. भीती वाटली का, असं कोणी विचारेल. पहिल्या रविवारी वाटली. तिसऱ्या रविवारपर्यंत मला दुसरंच काहीतरी होत होतं, आणि त्याला काय म्हणायचं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सकाळी उठलो की पहिला विचार रविवारला किती दिवस उरले हाच यायचा. बायको गेल्यापासून मी दिवस मोजणं सोडून दिलं होतं.

लोरीन ओहायोत असते, गाडीनं साडेपाच तास. तिचा फोन आला.

"डॅडी, हिवाळाभर इकडे या. मी न्यायला येते. नोव्हेंबरातला दुसरा रविवार, आणि आता नाही म्हणू नका."

"बघू."

"बघू म्हणजे नाही. मी ओळखते तुम्हाला. तिथे एकटे काय करता? इथे निदान शेजारपाजार आहे."

"इथेही आहे."

"कोण आहे? हेड्रिक गेले. त्यांची बायको गेली. कोण उरलंय?"

मी नदीकडे बघत होतो. "आहेत," म्हणालो.

मग म्हणाली, "जेवता ना वेळेवर?"

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी धूर नदीच्या काठावर, पांढऱ्या बुंध्यांच्या झाडांमध्ये उठला. दोन सेकंद. म्हणजे सातशे यार्ड. धुराच्या खाली मला माणूस दिसायला हवा होता. माझी दूरची नजर उत्तम आहे. पांढरे बुंधे दिसले, पाणी दिसलं, पाण्यावर उतरत जाणारा धूर दिसला.

त्या आठवड्यात मी बरीच कामं केली. निशाणांच्या चौकटीशेजारी दुसरी चौकट ठोकली. माझ्या उभं राहायच्या जागेच्या डावीकडचं गवत कापलं. तिथे एक छोटं जड झाकणाचं खोकं ठेवलं, दारूच्या पुड्यांसाठी, जसं डेन्झिलला लागायचं तसं कमरेच्या उंचीवर. शिसं वितळवून साच्यात त्याच्यासाठी चाळीस गोळ्या ओतल्या. काम करताना मी एक वाक्य मनात घोळवत होतो. ते माफीचं होतं, लहानसं, पण मला ते चारचौघांत म्हणता येईल इतकं सरळ जमवायचं होतं.

ऑक्टोबरचा तिसरा रविवार शांत होता. पान हलत नव्हतं. अशा दिवशी काळ्या दारूचा धूर जागच्या जागी उभा राहतो आणि आपणच मारलेलं निशाण आपल्याला दिसायला मिनिटभर थांबावं लागतं. मी त्या दिवशी गोळी मारली नाही. चार वाजेपर्यंत नुसता उभा होतो. मग दारू ओतली, ठासली, टोपी चढवली.

बार उडाला आणि मला वाटलं, माझी बंदूक फुटली. आवाज दुप्पट होता. डाव्या कानात घंटा वाजायला लागली. सगळीकडे धूर. माझ्या एका बाराचा धूर किती होतो ते मला ठाऊक आहे. हा त्याच्या दुप्पट होता. डाव्या गालाला काहीतरी चावलं.

घड्याळ माझ्या हातात होतं, पण मोजायला काही नव्हतं.

मी धुराकडे तोंड करून उभा राहिलो. हातभर अंतरावर कोणीतरी आहे हे माणसाला डोळे मिटूनही कळतं, तसं मला कळत होतं. लोकरीच्या ओल्या कोटाचा वास होता.

"मी ऐकलं होतं," मी म्हणालो. "तिन्ही वेळा ऐकलं होतं, डेन्झिल. मला काही कमी ऐकू येत नाही."

धूर हळूहळू जमिनीवर बसला. डावीकडे कापलेलं गवत होतं आणि खोकं होतं.

आत येऊन आरशात बघितलं. गालात तांब्याचं एक बारीक कुसळ रुतलं होतं. घोडा पडला की टोपी फुटते आणि तिचे तुकडे उजवीकडे उडतात. बंदूक धरणाऱ्याला ते लागत नाहीत. त्याच्या उजव्या हाताला उभ्या असलेल्याला लागतात. बावीस वर्षं मला असली कुसळं डाव्या गालात लागत आली होती. मी ते चिमट्यानं काढलं आणि टाकवेना म्हणून काडेपेटीत ठेवलं.

पुढच्या रविवारी मी दोन वाजल्यापासून उभा होतो. कॉफीचा थर्मास आणि दोन कप. चारला बार टाकला. डावीकडे काही नाही. नदीकाठी काही नाही. पूर्वेचा सगळा उतार मी नजरेनं चाळला.

आवाज पाठीमागून आला.

मी वळलो. घराच्या छपरावरून, रस्त्यापलीकडे, पश्चिमेच्या डोंगराच्या पायथ्याशी धूर विरत होता. सेकंद चुकले, पण साधारण तीन असावेत.

मी टेबलावरच्या कागदावर पाचवा ठिपका मांडला, माझ्या अंगणात. मग सहावा. रेघ सरळच होती. ती माझ्यापर्यंत येत नव्हती. ती माझ्या अंगणातून पुढे जात होती, एवढंच.

त्या रात्री मला शांत झोप लागली, हे मी लपवणार नाही. पण सकाळी उठलो आणि बूट घालताना हात थांबला. त्यानं ऐकायचं ते ऐकलं होतं आणि तो निघाला होता. त्याला माझ्याकडे यायचं होतं असं कोणी मला सांगितलं होतं?

मी विल्डाला फोन केला. इकडचं तिकडचं बोललो. तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं, सफरचंदाच्या मुरंब्याचं. मग विचारलं, "पश्चिमेच्या डोंगरापलीकडे डेन्झिलचं कोणी होतं का गं?"

"कोणी नाही. त्याचं सगळं इथेच," विल्डा म्हणाली. "का रे?"

"सहज."

"हार्लन, तू ठीक आहेस ना? आवाज कसा येतोय तुझा. दुसऱ्या खोलीतून बोलल्यासारखा."

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी खूप विचार केला, बार टाकावा की नाही. तो माझ्या बारानंतरच पुढे सरकत होता. टाकला नाही तर कदाचित जिथे आहे तिथे थांबेल. पण न टाकता बसून राहणं मी एकदा करून बघितलं होतं. मी टाकला. धूर डोंगराच्या माथ्यावर, विजेच्या तारांसाठी झाडं तोडून केलेल्या मोकळ्या पट्ट्यात उठला. सहा सेकंद. यानंतरचा धूर माथ्यापलीकडे उठणार होता आणि तो मला इथून दिसणार नव्हता.

म्हणून दुसऱ्या रविवारी मी आधीच निघालो.

लोरीन संध्याकाळी पोचणार होती. तिच्यासाठी समोरच्या दारावर चिठ्ठी लावली, फिरायला गेलोय, पाचपर्यंत येतो. दोनला बंदूक खांद्याला अडकवली आणि रस्ता ओलांडून चढायला लागलो. पानं सगळी गळली होती. दर पन्नास पावलांवर थांबावं लागत होतं. वाटेत मी माफीचं तेच न बोललेलं वाक्य पुन्हा जुळवत होतो. या वेळी त्याच्या पुढे आणखी एक जोडलं होतं. थांब, असं.

पावणेचारला मोकळ्या पट्ट्यात पोचलो. एका दगडावर हिरवट शेवाळं होतं आणि त्यावर काळपट ठसा, बंदुकीचं तोंड टेकवल्यावर उमटतो तेवढा गोल. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. पश्चिमेला डोंगरामागे डोंगर, शेवटचे निळे. घर एकही नाही.

चार वाजता मी पश्चिमेकडे तोंड करून बार टाकला.

एकामागून एक प्रतिध्वनी आले आणि संपले. मी एकेका डोंगरावरून नजर फिरवली. दहा सेकंद. वीस. मिनिट. कुठेही पांढरं काही नाही.

मग मी मागे वळलो.

खाली खोऱ्यात माझं घर दिसत होतं. दारात लोरीनची लाल गाडी उभी होती. ती लवकर आली होती. धुराड्यातून धूर निघत होता, म्हणजे तिनं शेगडी पेटवली होती.

घरामागे, माझ्या अंगणात, पांढरा गोळा उठला.

त्याला चिकटून दुसरा.

मी मोजलं. सहा सेकंदांनी दोन बार ऐकू आले, जोडीनं, एका दमात.

मी उतरायला लागलो. माझ्या वयाच्या माणसानं उतरू नये तसा उतरलो. एकदा घसरलो, बंदुकीवर हात टेकून उठलो. लोरीन खाली एकटी होती, एवढंच डोक्यात होतं. निदान पहिल्यांदा तेवढंच होतं.

उतरताना बार ऐकू येत राहिले. कोरे नव्हते, गोळीचे होते. गोळी मातीच्या बांधात शिरल्याचा धप्प आवाज मागोमाग यायचा. घाई नव्हती. एक बार, मग ठासायला लागतो तेवढा वेळ, मग दुसरा. दोन माणसं निवांत सराव करत असावीत तसे.

अर्ध्या उतारावर मला हसू ऐकू आलं. डेन्झिल नाकातून हसायचा, दोन झटक्यांत. तसं. आणि त्याच्यात मिसळलेलं आणखी एक.

रस्त्याला लागलो तेव्हा उजेड कमी झाला होता. लोरीनच्या गाडीचं बॉनेट अजून कोमट होतं. माझी चिठ्ठी दारावर नव्हती. मी दार उघडलं.

घरात राजमा शिजत होता आणि मक्याच्या पावाचा वास होता. बैठकीतून सरळ स्वयंपाकघर दिसतं. लोरीन माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती. मागची खिडकी उघडी होती आणि ती वाकून बाहेर बोलत होती.

"डॅडी, पुरे आता. पाव गार होईल. ते कोण आहेत त्यांनाही आत आणा, थंडीत उभं करू नका."

"आलोच गं," बाहेरून उत्तर आलं. "एवढं एक निशाण होऊ दे."

माझा आवाज मला फोनवरच्या निरोपाच्या यंत्रामुळे ठाऊक आहे. आपला आवाज बाहेरून ऐकला की थोडा पातळ लागतो, थोडा परका. हा तसाच होता, माझाच. त्यात मी कित्येक वर्षांत न ऐकलेलं काहीतरी होतं, आणि ते ऐकून लोरीन खिडकीत उभ्या उभ्या हसली.

माझ्या बुटांचा चिखल उंबरठ्यावर लागला होता. लोरीनला हवे होते ते डॅडी मागे अंगणात होते. मी एक पाऊल मागे घेतलं आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं.